मेन्यूकार्डावर आमची चव, मोरीवर आमची माणसं

मी गिरणी कामगार आहे. असं सांगितलं की पुण्यातला शिकलेला माणूस दचकतो. गिरण्या कधीच बंद पडल्या, हा कुठून उगवला? मग खुलासा करावा लागतो. कापडाची नाही बाबा, मिरचीची. मंडईच्या मागं एका बोळात कांडप यंत्र आहे, शेजारी पिठाची चक्की. सकाळी पट्टा फिरायला लागतो तो दिवे लागले तरी फिरतच असतो. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, धने, खोबरं, दगडफूल, तमालपत्र. पुण्याच्या जिभेला जे जे लागतं ते आधी माझ्या नाकातून जातं. मार्च ते मे बाया डबे घेऊन बोळभर रांग लावतात. बाकी वर्षभर हॉटेलवाले. अमक्या हॉटेलच्या रश्श्याचं गुपित कुणालाच ठाऊक नाही, असं लोक बोटं चाटत सांगतात. मला ठाऊक आहे. मीच कुटलंय ते गुपित. रात्री खोकल्यातून थोडंथोडं बाहेर येतं.

तर हॉटेलांवर लिहायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. पेपरात खाण्यावर लिहिणारे आणि मोबाईल धरून ताटाचे व्हिडिओ काढणारे पुढच्या दारानं आत जातात. मी मसाल्याचं पोतं खांद्यावर घेऊन मागच्या दारानं जातो. पुढून दिसतं ते ताट. मागून दिसते ती मोरी. मोरीवर उकिडवी बसलेली पोरं मी ओळखतो. त्यातली कितीतरी आपली आहेत. आडनाव विचारून सांगत नाही. मोबाईलच्या मागं निळा स्टिकर असतो, आणि दारातून हळूच 'जयभीम' म्हटलं की साबणाचा हात वर होतो.

मित्रांनो, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्ही कुठल्यातरी टपरीवर चहा पीत असाल. प्या. पण पिता पिता ऐका.

गेल्या काही वर्षांत पुण्याला गाव आठवलंय. जिकडं बघावं तिकडं 'अस्सल गावरान', 'चुलीवरचं', 'मातीच्या भांड्यातलं'. बैलगाडीचं चाक भिंतीला टांगलेलं, कंदिलात विजेचा दिवा, वेटरच्या डोक्याला फेटा आणि पायात फाटकी चप्पल. मेन्यूकार्ड उघडा. पाटील थाळी. सरपंच थाळी. सरकार थाळी. वाड्यावरचं मटण. अख्खं गाव कार्डावर येऊन बसलंय! पाटील आहे, देशमुख आहे, पैलवान आहे. वेशीच्या आतलं सगळं आहे. वेशीबाहेरचं कुठं आहे? महारवाडा थाळी कुणी पाहिली? मांगवाडा स्पेशल? छापून बघा एकदा. दुसऱ्या दिवशी एकतर काच फुटेल, नाहीतर गिऱ्हाईक फुटेल.

नाव नाही, पण चव आहे. हीच तर चोरी आहे. वजडी आहे. मुंडी आहे. रक्ती आहे. पाया आहे, त्याला आता सूप म्हणतात आणि गुडघ्याला चांगलं असतं म्हणतात. गावात बोकड पडलं की मऊ मांस वाड्यावर जायचं. खूर, आतडी, मुंडकं, रक्त, जे उरायचं ते आमच्या टोपल्यात यायचं. आमच्या बायांनी ती वजडी चुना लावून, गरम पाण्यात खरवडून खरवडून पांढरी केली आणि तिच्यातून चव काढली. हौस म्हणून नव्हे. दुसरं काही नव्हतं म्हणून. काल 'ते लोक तसलं खातात' होतं. आज साडेतीनशे रुपये प्लेट.

बाजरीचंच घ्या. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे साल भरडधान्याचं म्हणून जाहीर केलं, भारत सरकारच्याच पुढाकारानं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरी-नाचणीचं बारसं झालं. नाव ठेवलं 'श्रीअन्न'. बाजरीला श्री लागला! बाजरी खाणाऱ्याला कधी लागला होता? माझी आज्जी 1972 च्या दुष्काळात धाराशिवकडून, तेव्हाच्या उस्मानाबादेतून, पुण्याला आली. त्याआधी तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडली, अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकरी खाल्ली, सुकडी खाल्ली. गहू सणाला दिसायचा. आज ती चपाती खाते, मऊ भात खाते आणि नातवंडांच्या वाढदिवसाला केकचा मोठा तुकडा स्वतःसाठी राखून ठेवते. तिला मी मोबाईलवर एका कॅफेतला बाजरीचा बाऊल दाखवला. खाली बाजरी, वर कसल्याशा बिया, वर हिरवा पाला. म्हणाली, 'कोंबड्यास्नी घालायचं हाय का?'

म्हणून सांगतो, आमच्या उपासमारीला 'परंपरा' म्हणू नका. आमची आज्जी जे खात होती ते तिनं निवडलेलं नव्हतं.

आणि आता येसूर. याच्यावर थांबून बोलायला पाहिजे, कारण यात मी स्वतः गुन्हेगार आहे.

येसूर म्हणजे काय ते मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची. धने, मिरची, खडा मसाला भाजायचा. सगळं एकत्र कुटायचं. डब्यात महिनोन् महिने राहतं. मटण थोडं आणि तोंडं जास्त असली की दोन मुठी येसूर पाण्यात कालवून कालवणात सोडायचा. रस्सा दाट होतो, दहाचं कालवण वीसजणांना पुरतं. पाहुणा आला आणि घरात काही नसलं तर नुसत्या येसराची आमटी. दाट, झणझणीत, आणि कुणाला कळू नये की आत काही नाही.

एका हॉटेलवाल्यानं आमच्या गिरणीमालकाला विचारलं, 'त्या वस्तीतल्या बाया रस्सा दाट करायला काहीतरी टाकतात म्हणे?' नाव घेत नाही. त्याच्यासारखे पन्नास आहेत. मालकानं माझ्याकडं बोट केलं. मी घरी येऊन आज्जीला विचारलं. तिनं मुठीच्या आणि पशाच्या मापानं सगळं सांगितलं. कुठलं आधी भाजायचं, कुठलं करपलं की कडू होतं, सगळं. वर एक डबा नमुना म्हणून दिला. हातची चव विकायची असते, हे तिच्या गावीच नव्हतं. माझ्या तरी होतं का? मालकावर छाप पडेल म्हणून मी पळत डबा घेऊन गेलो. दिवाळीला त्या हॉटेलातनं चिवड्याची पुडी आली. हिशोब संपला.

सहा महिन्यांनी नवीन कार्ड छापलं गेलं. 'येसूर मटण. वाड्यावरच्या मुदपाकखान्यातली पिढीजात पाककृती.'

मी आज्जीला घेऊन गेलो. रविवार होता, तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. दारात उभ्या असलेल्या माणसानं मला ओळखलं आणि हसून, अगदी चांगुलपणानं म्हणाला, 'दादा, माल मागनं.' मी म्हटलं, माल नाही, जेवायला आलोय. तो ओशाळला. त्यानं जात विचारली नाही. शिवी दिली नाही. हाकललं नाही. माझी वाट कुठली ते फक्त त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. कदाचित माझ्याही. कारण मी अर्धा पाऊल मागच्या बोळाकडं टाकलं होतं.

बसलो. आज्जीनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. म्हणाली, 'माझाच हाय. मीठ कमी पडलंय.' मग म्हणाली, कार्डावर काय लिवलंय वाच. मी वाचलं. 'मुदपाकखाना म्हंजी काय रं?' मी सांगितलं, राजाच्या घरचा स्वैपाकघर. ती हसायला लागली. एवढी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले, तिला ठसका लागला, डोळ्याला पदर लावायला लागला. दोघांचे नऊशे साठ रुपये झाले. श्रावणबाळ योजनेचे तिला महिन्याला दीड हजार येतात. बिल मी तिला दाखवलं नाही.

मित्रांनो, ते पुढचं दार कुणी आपल्याला बक्षीस दिलेलं नाही. या मंडईच्या आसपासच त्याचा सगळा इतिहास पडलाय, फक्त पायाखाली बघत चालायला पाहिजे. इथनं गंज पेठेत चालत जा. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. नुसतं पाणी! ही मंडई आज त्यांच्या नावाची आहे. 1886 मध्ये उघडली तेव्हा ती रे मार्केट होती, मुंबईच्या गव्हर्नराच्या नावानं. जोतीरावांचा या बांधकामाच्या खर्चालाच विरोध होता. तेवढा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, म्हणत होते. शहरानं त्यांचं ऐकलं नाही, इमारत बांधली, आणि पुढं त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं. हे शहर असंच देणं फेडतं.

आणि पंचहौद. तेही जवळच. 1890 मध्ये तिथल्या मिशनात व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी गेली आणि त्यांच्यापुढं चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरून ठेवला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि पुण्यावर आभाळ कोसळलं. टिळक, रानडे, सगळे त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! आणि तोही मिशनऱ्याच्या हातचा, राज्यकर्त्या साहेबाच्या धर्मबंधूचा. आमच्या हातचा असता तर यादी छापायची वेळच आली नसती, कारण प्यायलाच कुणी गेलं नसतं.

चवदार तळ्याची तारीख तुम्हाला सांगायला नको. पण एक गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलेली नाही म्हणून सांगतो. घटनेचं कलम 15, पोटकलम 2 उघडा. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची तिथं यादी आहे, आणि त्या यादीत दुकानं आहेत, सार्वजनिक उपाहारगृहं आहेत, हॉटेलं आहेत. हॉटेल! देशाच्या घटनेत हॉटेल! ज्यांना हॉटेलात जायला कुणी कधी अडवलं नाही त्यांना हा शब्द तिथं हास्यास्पद वाटेल. 29 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत हे कलम चर्चेला आलं, तेव्हा 'दुकान' म्हणजे काय काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांचा खुलासा असा होता की हा शब्द मोठ्या अर्थानं घ्यायचा. येईल त्याला आपली सेवा द्यायला जो बसलाय, त्याची जागा म्हणजे दुकान. अस्पृश्यता संपवणारं कलमही त्याच दिवशी मंजूर झालं. ज्या माणसाला बडोद्यात पदव्या असून राहायला खोली मिळाली नाही, त्यानं दाराचं महत्त्व ओळखून ते कायद्यात घातलं.

तेव्हा पुढच्या दारानं आत गेलो हे खरं. वेगळी कपबशीही शहरातून गेली. टपरीवर आता सगळ्यांनाच कागदी कप. जात संपली म्हणून नव्हे, कप विसळणाऱ्या पोराचा पगार वाचतो म्हणून.

पण बाहेर काढलेली वस्तू दुसऱ्या नावानं परत आत येते. आजचं नाव आहे 'शुद्ध'. शुद्ध शाकाहारी. भाजी खाणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझी मावशी दीक्षाभूमीवर जाऊन आल्यापासून मांसाला हात लावत नाही, आणि तिच्या हातची अख्खा मसूर खाऊन बघा. पण 'शाकाहारी' एवढं म्हटल्यावर पुरतं की! गिऱ्हाईकाला कळलं, आत काय मिळतं. मग 'शुद्ध' हा शब्द कुणाला ऐकवायचा आहे? जो मासे खातो तो अशुद्ध? जो वजडी खातो तो? आणि ती पाटी पुसणारा? मार्च 2024 मध्ये झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी गिऱ्हाईकांसाठी वेगळी डिलिव्हरीची पोरं, त्यांना वेगळा हिरवा गणवेश, असं जाहीर केलं. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागं घेतला. पण डोक्यात ते आलंच कसं? म्हणजे अन्न डब्यात बंद, डबा पिशवीत बंद, पिशवी पेटीत बंद, आणि तरी शेजारच्या डब्यातल्या मटणानं ते विटाळतं! असला विटाळ कुठल्या विज्ञानाच्या पुस्तकात नाही. आपल्या आज्ज्याला विचारा, त्याला पाठ आहे. मुंबईच्या आयआयटीत 2023 मध्ये हॉस्टेलच्या खानावळीत टेबलं वेगळी काढली आणि त्याविरुद्ध बसून जेवणाऱ्या पोराला दहा हजारांचा दंड. ही देशातली हुशार पोरं!

विटाळ ताटाला नसतो, तोंडाला असतो. हे आपल्या गिरणी कामगारांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्याला पगार जास्त. तिथं आमच्या माणसाला घेत नसत. कारण काय? धोट्यात नवीन कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून भोकातून बाहेर काढावं लागे. आमचं तोंड लागलेलं सूत दुसऱ्याच्या तोंडाला कसं लागणार? 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. जगातल्या कामगारांनो एक व्हा, पण एका धोट्याला तोंड लावू नका!

आता त्या गिरण्यांच्या जागेत काय आहे? हॉटेलं आणि पब. मुंबईत कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबांना आग लागली, चौदा माणसं गेली. आपल्याकडं स्टेशनजवळ राजाबहादूर मिलच्या जागेतही आज दिवे लखलखतात ते साच्यांचे नाहीत, हॉटेलांचे आहेत. जुन्या भिंतीच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवायची फॅशन आहे. वीट जपायची, कामगार जपायचा नाही. आणि शहरभर असल्या हॉटेलांच्या मागच्या बाजूला, ज्यांच्या बापजाद्यांच्या तोंडचं सूत चालत नव्हतं, त्यांच्या हातांना आता सगळ्या शहराचे उष्टे ग्लास चालतात.

त्या पोरांचे तास मोजा. 2017 च्या दुकानं-आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास लिहिले होते, आणि तो कायदा दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नवाचे दहा तास आणि दहाचे वीस कामगार करायला मंजुरी दिली. म्हणजे एकोणीस माणसांचं हॉटेल काढा आणि मोकळे व्हा. मोरीवरच्या पोराला कुठला हजेरीपट आणि कुठलं पगारपत्रक! तो सकाळी कांदा चिरायला येतो, रात्री एकला गटाराची जाळी साफ करून जातो. 'चुलीवरचं' खाणाऱ्यानं चुलीपुढं कोण बसलंय हे एकदा आत जाऊन बघावं. धूर त्याच्या छातीत, चव तुमच्या जिभेवर.

आता आपल्यावर येतो. दुसऱ्याला शिव्या देणं सोपं आहे, त्याला कागद पण कमी लागतो.

यंदा 14 एप्रिलच्या आधी आपला अभ्यासवर्ग झाला. विषय होता सांस्कृतिक दहशतवाद. दोन तास बोललो. जेवायच्या वेळी डबे उघडले तर आत पनीर, पुरी, जिलेबी, आणि खोक्यावर छापलेलं, 'शुद्ध शाकाहारी'. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? उत्तर आलं, 'बाहेरचे पाहुणे येणार होते. व्हेज सगळ्यांना चालतं.' सगळ्यांना म्हणजे कुणाला रे? ज्याला चालत नाही त्याच्या मापानं आपण ताट मांडायचं आणि त्याला 'सगळे' म्हणायचं? दोन तास ज्या दहशतीवर बोललो ती दीडशे रुपये डबा या दरानं आपणच मागवली. जिलेबी मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू.

दुसरी जात उलटी. आपल्यातली काही पोरं चान्यांचे, वजडीचे व्हिडिओ काढतात आणि खाली लिहितात, आमचं अन्न, आमचा अभिमान. लोक बदाम टाकतात. गड्यांनो, हॉटेलवाला पण तेच लिहितो. फरक काय राहिला?

मग कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं होतं, तू परत कशाला उकरतोस? बरोबर आहे, सांगितलं होतं. 1927 मध्ये महाडात सांगितलं. पण का? ते मांस गावकीच्या बेड्यांनी आमच्या दारात यायचं म्हणून. मेलेलं ढोर ओढा, त्या बदल्यात ते खा, आणि खाल्लं म्हणून अस्पृश्य व्हा. त्यांनी चवीवर नाही, त्या बेडीवर घाव घातला. काय खाल्लं म्हणून माणूस बाटतो, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. उलट 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये गोमांस आणि अस्पृश्यता यांचा धागा उसवून दाखवला. तेव्हा सोडायचं ते लाचारीचं अन्न. आज जे स्वतःच्या पैशानं, बाजारातनं, आपल्या मर्जीनं आणायचं ते खायचं की नाही हे दुसऱ्यानं कोण सांगणार? तर सरकारनं सांगितलं. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूही कापायला बंदी. 2016 मध्ये हायकोर्टानं बाहेरच्या राज्यातलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी तेवढी रद्द केली, कापण्यावरची ठेवली. गरिबाचं स्वस्त 'मोठ्याचं' गेलं. वस्तीतल्या पोरांच्या ताटातून तो तुकडा उचलला, तेव्हा एकाही गावरान हॉटेलवाल्यानं अस्सल परंपरा धोक्यात आली म्हणून शटर खाली ओढल्याचं मी तरी पाहिलं नाही.

लिहून ठेवलं पाहिजे, हे शाहू पाटोळ्यांनी ओळखलं. 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं आणि का शिजत होतं, ते नावानिशी त्यात आहे. 2024 मध्ये त्याचं इंग्रजी झालं आणि मग पुण्या-मुंबईच्या शहाण्यांना मराठीतलं सापडलं. 1970 पासून घराघरात असलेलं 'रुचिरा' मी आप्पा बळवंत चौकातल्या फुटपाथवर उभ्यानं चाळलंय. चान्या नाहीत. नसायच्याच. ज्यानं त्यानं आपल्या घरचं लिहावं. पण आपल्या घरचं आपण लिहिलं नाही तर ते मुदपाकखान्यात सापडतं, एवढं मी माझ्या नऊशे साठ रुपयांत शिकलो.

मला आज्जीच्या नावाची पाटी नको. रॉयल्टीचं भाषण करायला मी वकील नाही. आपल्या बायांनी फुकट सांगू नये, एवढं मात्र मी गिरणीत रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकीला सांगतो. हॉटेलवाल्यानं विचारलं तर माप सांगू नका, मसाला विका. किलोवर विका. आणि मोरीवरच्या पोरांची यादी मी करतोय. कुठलं हॉटेल, किती तास, हजेरीपट आहे का. आतापर्यंत अकरा हॉटेलांची झाली, कारण माझ्या पोत्याला तिथं मागचं दार उघडं असतं. तुमच्यातल्या ज्याला कामगार आयुक्ताच्या कचेरीत अर्ज लिहायचा सराव आहे त्यानं मंडईत येऊन भेटावं. कवितेचं नंतर बघू.

पुण्यात दुसऱ्या तऱ्हेनं जेवण घालता येतं याचा पुरावाही याच शहरात आहे. हमाल पंचायतीनं 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केलं. हमालाला स्वस्तात पोटभर, आणि नफा कुणा शेठच्या खिशात नाही. तिथं भाकरीला श्री लावत नाहीत. फेटा घातलेला वेटर नाही. शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही, कारण त्याला पण परत ओझं उचलायला जायचं असतं. बाबा आढावांनी 1972 मध्ये 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावं पालथी घातली, आणि दोनच वर्षांत हे. पाण्यावरनं भाकरीवर यायला तेवढंच अंतर होतं. आम्हाला व्याख्यानावरनं जेवणावर यायला अजून जमलेलं नाही.

पुढचा अभ्यासवर्ग महिन्याच्या शेवटच्या रविवारी, काशेवाडीत. या वेळी डबे मागवायचे नाहीत, हे मी भांडून मंजूर करून घेतलंय. स्वैपाक वस्तीतल्या सहा बाया करणार, मजुरी आगाऊ, माणशी सहाशे. एका पातेल्यात मटण, एका पातेल्यात मावशीचा मसूर, पंगत एकच. पाहुण्यांना आधी सांगायचं, माफी न मागता. भांडी आपण घासायची, त्यांनी नाही. ज्यांची नावं भाषणाच्या यादीत आहेत त्यांचीच मोरीच्या यादीत पण घातलीत, बघून घ्या. येसूर आज्जी भाजून देणार आहे. कुटायचं काम माझ्याकडं, पण कुटाईचे किलोमागं पैसे वर्गणीत धरा. मालक मला सुद्धा सोडत नाही.